कार्डावर जागा उरत नाही

आमच्या दहावीच्या वर्गाचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यात दर दोन दिवसांनी कुणीतरी विटीदांडूचं, कंदिलाचं नाहीतर जुन्या रेडिओचं चित्र टाकतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘तेव्हा इंटरनेट नव्हतं, पण माणसं होती.’ मग बाकीचे त्यावर हात जोडतात, फुलं टाकतात. माणसं होती हे खरं आहे. मला ती सगळी चांगली आठवतात. कोण ओट्याच्या कुठल्या कोपऱ्यात बसायचा, कोण कसा हसायचा, कुणाच्या पायात काय असायचं, सगळं. चित्रं टाकणाऱ्यांना मात्र नेमकं जे आठवायला हवं ते आठवत नाही. म्हणून त्या रेडिओचं मी इथं लिहून ठेवते.

देवगाव फाट्यावर एसटीतून उतरलं की बैलगाडीनं तासभर आत आमचं गाव. आम्ही लिंगायत वाणी. पुढं अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान, मागं आम्ही राहायचो आणि मधल्या दाराला मायच्या जुन्या लुगड्याचा पडदा. सकाळी कपाळाला भस्माचे पट्टे ओढून अप्पांची इष्टलिंगाची पूजा चालायची. ती आटोपली की ते दुकानाच्या फळ्या काढायचे आणि रेडिओ लावायचे. रेडिओ गूळ-साखरेच्या वरच्या फळीवर, मुंग्या चढू नयेत म्हणून मांडणीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. त्याला मायनं शिवलेला पोपटांचा अभ्रा होता. खटका फक्त अप्पांनी फिरवायचा, आणि अप्पा झोपले की माझ्या थोरल्या भावानं, बसूदादानं. सेल उतरले की आतला आवाज खोल जायचा, बोलणारी बाई विहिरीत पडल्यासारखी वाटायची. मग माय ते सेल काढून पापडाच्या बाजेवर उन्हात ठेवायची. त्यावर आणखी आठवडा निघायचा.

आमच्या घरात मोकळ्या वेळाला दोन शब्द होते. पोरांना ‘फुरसत’ असायची आणि पोरी ‘रिकाम्या’ असायच्या. दादा मॅट्रिकला दोनदा आपटला होता आणि दुकानात मदत करतो असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात दुपारभर तो विहिरीत पोहायचा, पत्ते कुटायचा, नाहीतर सायकल घेऊन फाट्यावर जाऊन बसायचा. कुठली गाडी कुठं जाते, तिचा ड्रायव्हर कोण, टायर कधी बदलले, हे त्याला पाठ होतं. त्याचा काय उपयोग, असं त्याला कुणी विचारलं नाही. मी उंबऱ्यावर घडीभर टेकले की मात्र आतून आवाज यायचा, “रिकामी काय बसलीस? ती ज्वारी पाखडून घे.” म्हणून मी माझी फुरसत कामातच लपवायला शिकले होते. पुड्या बांधायची रद्दी मीच कापायचे. कापता कापता वाचायचे. अर्धी गोष्ट, अर्धी बातमी, वरचा तुकडा कुणाच्या तरी मिरचीबरोबर गेलेला. मी वाचलेल्या निम्म्या गोष्टींचा शेवट मला आजही माहीत नाही.

रविवारी दुपारी फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. आपल्याला कुठलं गाणं ऐकायचं ते कार्डावर लिहून केंद्राला धाडायचं, खाली आपली नावं लिहायची. नशीब असलं तर चार-सहा आठवड्यांनी गाणं लागायचं आणि त्याआधी नावं वाचली जायची. गाण्याचं कुणाला काही नव्हतं. जीव सगळा नावात. आपलं नाव, आपल्या गावाचं नाव त्या पेटीतून बाहेर येतंय, म्हणजे सेलूला, जिंतुराला, येलदरीच्या धरणावर कुणीतरी ते ऐकतंय, याचीच नशा होती. रविवारी आमच्या ओट्यावर पोरांची जत्रा भरायची. पोस्टाची लाल पेटी आमच्याच भिंतीला टांगलेली, कार्डं अप्पांकडेच मिळायची, त्यामुळं सगळा कारभार एकाच जागी होता. मी पडद्याआडून ऐकायचे, हातात काहीतरी काम धरून.

ती कार्डं लिहायचा गौतम वाकळे. माझ्याच वर्गात होता. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची घरं, तिथला. शेलाटा, शर्टाची वरची गुंडी नेहमी लावलेली, आणि अक्षर असं की गुरुजी फळ्यावरचा सुविचार त्यालाच लिहायला लावायचे. आमच्या ओट्याला चार पायऱ्या होत्या. गौतम दुसऱ्या पायरीवर बसून, मांडीवर पाटी घेऊन लिहायचा. त्याला वर येऊ नको असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि वर ये म्हटलेलंही ऐकलं नाही.

मी चौथीत असताना विद्यापीठाच्या नामांतरावरून आमच्या भागात बौद्धांची घरं जळाली होती. आमच्या गावात तेव्हा काही झालं नव्हतं आणि गाव ते फार अभिमानानं सांगायचं, “आपल्याकडं तसलं काही न्हाई.” तेव्हापासून ‘वातावरण’ हा एक शब्द मात्र गावात राहायला आला होता. लग्नाची वरात कुठल्या गल्लीतून न्यायची, तर वातावरण बघून. शाळेचं संमेलन का रद्द झालं, तर वातावरण बरं न्हाई. मला लहानपणी वाटायचं, वातावरण म्हणजे पावसापाण्याचंच काहीतरी असणार.

पोरांमध्ये पहिला मान दिगंबरचा. तोही आमच्याच वर्गात, गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराचा मुलगा. “लिव रे, आधी माझं,” असं म्हणून तो ओट्यावर पालथा पडायचा आणि गौतमच्या खांद्यावरून बघत राहायचा. मग बसूदादाचं नाव, मग बाकीच्यांची. आमच्या गावाची कार्डं इतरांपेक्षा जास्त लागायची आणि ती का लागतात ते सगळ्यांना माहीत होतं. एका रविवारी तर निवेदन करणाऱ्या बाई नावं वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, “दिगंबरजी, आपलं अक्षर फार सुंदर आहे. असंच लिहीत राहा.” ओटा हसून लोळला. दिगंबर उठून उभा राहिला आणि त्यानं रेडिओला सलाम ठोकला. गौतमही हसला. पण हसताना त्यानं हातातला पेन खिशाला लावला, काढला, पुन्हा लावला. पडद्याच्या फटीतून मला तेवढंच दिसत होतं.

त्याच आठवड्यात तो मीठ न्यायला आला. अप्पा आत जेवत होते, म्हणून मी गल्ल्यापाशी उभी. मला कसं सुचलं कोण जाणे, मी विचारलं, “तू समद्यांची नावं लिवतोस, तुझं का न्हाई लिवत?”

त्यानं पिशवीचं तोंड वळवून घट्ट केलं. “कार्डावर जागा उरत न्हाई,” तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही. वर्गात दोन बाकं सोडून बसणारा मुलगा दुकानात आला की ‘मीठ द्या’ म्हणायचा आणि मी त्याला ‘तू’ म्हणायचे. अप्पांच्या वयाची त्याच्या वस्तीतली माणसंही मला ‘द्या’च म्हणायची. यात काही वावगं आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं. कळत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणते.

दुसऱ्या दिवशी मी गल्ल्याच्या फळीखालून एक कार्ड काढलं. रद्दीवर आधी कच्चं लिहिलं, मग कार्डावर. माझं अक्षर म्हणजे मुंगीचे पाय मोडल्यासारखं. गाणं कुठलं लिहिलं ते महत्त्वाचं नाही, तेव्हा सगळीकडं वाजत होतं तेच, दोघांनी मिळून म्हटलेलं. खाली पहिलं नाव गौतमचं, कारण कार्ड त्याच्यासाठीच होतं. दुसरं कुणाचं लिहावं? दिगंबरचं नाव लिहायला माझा हात होईना. मी माझं लिहिलं, महानंदा शेटे. खोटं कशाला सांगू, मलाही माझं नाव एकदा ऐकायचं होतं. घरात मी ‘ए पोरी’ होते. मग शेजारच्या दोन मैत्रिणींची नावं, गल्लीतल्या बारक्या पोरांची, एकूण नऊ झाली. नऊ नावं लिहूनही कार्डावर बोटभर जागा उरली. मला फार आनंद झाला. मी बाहेर जाऊन ते पेटीत टाकलं आणि परत येऊन लसूण सोलत बसले.

त्यानंतरचे रविवार मी कसे काढले ते विचारू नका. कार्ड लागलं नाही की हायसंही वाटायचं आणि वाईटही. मग एका रविवारी मायनं शेंगुळे करायला घेतले होते. ज्वारीच्या पिठात तिखट, लसूण, ओवा घालून मळलेला गोळा, त्याच्या वळ्या करून उकळत्या आधणात सोडायच्या. मी आणि माय समोरासमोर बसून वळत होतो, कोपरापर्यंत हात माखलेले. बाहेर ओटा भरलेला होता. फाल्गुनाचं ऊन नुकतं लागायला लागलं होतं. आणि रेडिओतल्या बाई म्हणाल्या, यानंतरच्या गीताची फर्माईश केली आहे गौतम वाकळे, महानंदा शेटे आणि मित्रपरिवार यांनी.

बस, एवढंच. सात नावं त्यांनी मित्रपरिवारात घातली. वेळ कमी असला की त्या तसंच करायच्या, आम्ही शंभर वेळा ऐकलेलं होतं. माझ्या डोक्यात मात्र ते आलंच नव्हतं. एका पोराचं नाव, लगेच एका पोरीचं नाव आणि लगेच ते दोघांचं गाणं. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. ते संपल्यावर अप्पांनी खटका बंद केल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी रेडिओवर पोपटांचा अभ्रा ओढला.

“गावात कार्डं कोण लिवतो?” बसूदादानं विचारलं. ते विचारणं नव्हतंच. दिगंबर आणि आणखी दोघं चपला घालून निघालेसुद्धा.

गौतमला त्यांनी दंडाला धरून आणलं. तो घरी अभ्यास करत होता, परीक्षा दीड महिन्यावर होती. बोटाला शाई होती, तेवढा पुरावा पुष्कळ झाला. “शेट्याच्या पोरीचं नाव घेतूस? रेडिओवर? साऱ्या मुलखात इज्जत घालवतूस आमची?” दादा ओरडत होता. मग गौतमचा आवाज आला, फार मोठा नाही.

“म्या न्हाई लिवलं. केंद्राकून कार्ड मागवा. अक्षर बघा. माझं असंल तर मारा.”

इतकं साधं, इतकं बरोबर बोलणं त्या दिवशी दुसऱ्या कुणी केलं नाही. पण त्यानं बघा म्हटलं, मागवा म्हटलं, हेच त्यांना जास्त झोंबलं. “दिमाख बघा ह्याचा! नामांतरवाले लय शिकवायलेत वाटतं!” दिगंबर म्हणाला. मग एक सणसणीत थापड वाजली. कुणाचा हात होता ते मला दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की गौतम पडद्याकडं बघत होता. जागा उरत नाही हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं. त्याला कळलेलं होतं. तरी तो माझं नाव घेत नव्हता. तेव्हाही नाही.

अप्पा पडदा सारून आत आले. त्यांनी मला आवाज चढवून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते खाली वाकले आणि हळू म्हणाले, “महानंदे, तुला ह्यातलं काही ठाऊक हाय का, माय?”

‘मी लिहिलं’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी पुढं कितीदा तरी केला. मार बसला असता, शाळा सुटली असती, घाईनं लग्न उरकलं असतं. शाळा आणि लग्न यांचं तसंही तेच झालं. म्हणजे मी वाचवला तो फक्त मार.

मी मान हलवली. नाही.

अप्पा क्षणभर माझ्या माखलेल्या हातांकडं बघत राहिले. मग बाहेर गेले. माय म्हणाली, “हात चालव. आधण उकळायलंय.”

दादानं तराजूजवळचं दोन किलोचं वजन उचललं. पायरीवर, तो बसायचा त्याच दुसऱ्या पायरीवर, दोघांनी त्याचा उजवा हात दाबून धरला. मी पाहिलं नाही, ऐकलं. आधी लोखंड दगडावर आदळल्यासारखा आवाज झाला, मग त्याचा. अप्पा “बास, बास झालं” म्हणाले, पण वजन पडल्यावर म्हणाले. मी शेंगुळे वळत राहिले. ते त्या दिवशी चांगले झाले होते. सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ले.

पोलिसांत कुणी गेलं नाही. संध्याकाळी चार मोठी माणसं खालच्या वस्तीत गेली आणि गौतमच्या वडिलांना म्हणाली, “पोराला मामाकडं धाडून द्या. वातावरण बरं न्हाई.” मामा येलदरीकडं धरणावर मासेमारी करायचा म्हणे. गौतम गेला, पुढच्या पावसाळ्याआधी त्याचे आईवडीलही गेले. हातासाठी त्याला कुठल्या दवाखान्यात नेलं, नेलं की नाही, मला माहीत नाही. गावाला अजूनही वाटतं की आपल्याकडं तसलं काही झालं नाही.

मला परीक्षेला बसू दिलं. अप्पांचं मन होतं की पोरगी मॅट्रिक तरी म्हणवली जावी, स्थळ बरं येतं. दादा रोज सोबत यायचा आणि पेपर संपेपर्यंत फाटकाशी बसायचा. बोर्डाचे नंबर आडनावावरून लागले होते. वाकळे माझ्या पुढं. आठही पेपरांना तो बाक रिकामा होता आणि मास्तर रोज त्याच्या नंबरापुढं फुली मारायचे. मे महिन्यात पाथरीच्या एका दुकानदाराच्या घरी मला देऊन टाकलं. हळद लावताना माय माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “त्या कार्डाचं जन्मात कुणापाशी काढू नको.” तेव्हा मला कळलं की तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मला तिचा राग आला. आजही येतो. आधण उकळायलंय म्हणणारी ती होती, पण मान हलवणारी मी होते, आणि तिच्यावर रागावलं की माझं थोडं हलकं होतं, हेही मला कळतं.

रेडिओ दोन आठवडे बंद होता, मग पुन्हा लागला. ओटा पुन्हा भरला. माहेरपणाला गेले की मी ऐकायचे. कार्डं आता दिगंबर स्वतः लिहायचा. ती लागायची नाहीत.

पुढं पाथरीत, स्टँडजवळच्या भिंतीवर एकदा निळ्या रंगात ‘नामांतर झालेच पाहिजे’ लिहिलेलं दिसलं. ‘झ’ आणि ‘ळ’ची वळणं माझ्या ओळखीची वाटली, पण अक्षरं सगळी उलट्या बाजूला कललेली होती, डाव्या हातानं काढल्यासारखी. मी पिशवी घेऊन तिथं किती तरी वेळ उभी राहिले. त्याचंच असेल असं मी धरून चालले. असं धरून चाललं की बरं वाटतं, याशिवाय त्याला काही आधार नाही. पुढं काही वर्षांनी विद्यापीठाचं नाव बदललं, ती बातमी मी रेडिओवर ऐकली. तेव्हाही मी स्वयंपाकघरात होते. नवरा म्हणाला, “आता वातावरण बिघडतंय बघ.”

तर तो ग्रुप. मागच्या महिन्यात ठरलं की शाळेच्या पटांगणात सगळ्यांनी एकत्र जमायचं. दिगंबर ग्रुप चालवतो. आता त्याला मधुमेह आहे, नातवंडं आहेत, रोज सकाळी तो सूर्योदयाचं चित्र टाकतो. त्यानं फाटकावर लावायच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. वर मोठा रेडिओ छापलेला, खाली आमच्या वर्गातल्या सगळ्यांची नावं. माझं माहेरचं नाव होतं. मी दोनदा वाचून काढलं आणि लिहिलं, “गौतम वाकळे राहिला.”

मग दिगंबरचं उत्तर आलं. “ताई, तो परीक्षेला बसला नव्हता ना, मग आपल्या बॅचचा कसा धरायचा? आणि आता फ्लेक्सवर जागाही उरली नाही.” पुढं हात जोडलेले.

‘ते कार्ड मी लिहिलं होतं,’ एवढं मी टाइप केलं. पाठवायच्या खुणेवर बोट ठेवलं. मला कोण मारणार होतं आता? अप्पा नाहीत, माय नाही, दादाला अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळवलंय. ग्रुपवर पस्तीस माणसं होती, त्यातल्या सात-आठ जणांनी तरी ती दुपार ओट्यावर बसून ऐकली होती. आत सुनेनं कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या होत होत्या. मी लिहिलेलं एकेक अक्षर मागं घेत पुसून टाकलं आणि दिगंबरच्या उत्तराखाली अंगठा पाठवला.